जुन्या होडीचं इंजिन

मांडवीपलीकडच्या आमच्या नारळाच्या बागेत जायची लाकडी होडी जुनी झालीय. तिला वापरलेलं आउटबोर्ड इंजिन घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात बोलणं फक्त किमतीचं. टू-स्ट्रोक स्वस्त आणि हलकं. पण त्यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, आणि न जळलेलं नदीत जातं. पाणी गाळून पिणाऱ्या घरानं नदीवर तेलाचा तवंग सोडायचा?

मी म्हटलं, फोर-स्ट्रोकच बघू. ते महाग आणि जड. मोठं इंजिन होडीच्या मागच्या फळीला पेलणार नाही. मग अश्वशक्ती कमी घेऊ! आपल्याला कुठं शर्यत लावायचीय? गरजेपुरतं घेणं, हाच तर अपरिग्रह.

मेकॅनिकनं पारख शिकवली. गिअरचं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. इंजिन सुरू झालं की थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडायलाच हवी. दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळायला हवी. दोन इंजिनं नाकारली. तिसरं, पाच अश्वशक्तीचं, ठरलेल्या पैशांत बसलं.

पाण्यात पंखा फिरणार म्हणजे जीव दुखावणारच. गृहस्थाला आरंभी हिंसा पुरती टळत नाही. कमी मात्र करता येते. बागेत पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.