बोल्टाचं बूड

मी टायरवाल्याची मुलगी. कराडच्या अलीकडे हायवेला आप्पांचं दुकान आहे. पंक्चर, हवा, रिमोल्ड, जुने टायर. शाळा सुटली की मी तिथेच एका पालथ्या डब्यावर बसून गृहपाठ करायचे. पण पाना हातात कधी मिळाला नाही. "तू आपली अभ्यास कर," एवढंच. मी केला. इंजिनिअर झाले, जर्मनीत आले, रॉयटलिंगेनला नोकरी लागली आणि २०१३ची एक जुनी, छोटी, चार सीटची गाडी घेतली.

इकडे गाडीला टायरचे दोन संच लागतात, उन्हाळी आणि हिवाळी. आपल्याकडे टायर गोटा होईपर्यंत वापरायचा असतो, त्यामुळे ही चैन मला पहिल्यांदा ऐकूनच लागली. पण कारण खरं आहे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. त्यात बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फ जितका धरतो तितकं रबर धरत नाही. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा काचेसारखा थर असेल तर हिवाळी टायर पाहिजेत, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. लोक साधा हिशेब ठेवतात: ऑक्टोबर ते ईस्टर.

माझ्या उन्हाळी चाकांवर १८५/५५ आर १५ लिहिलेलं होतं. त्याच मापाचे नवीन हिवाळी टायर आणि रिमा यांची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की हिवाळ्यासाठी एक इंच लहान चाक घे. साधी लोखंडी रिम, अरुंद टायर. स्वस्त पडतं आणि बर्फात बरंही.

लहान चाक लावलं तर गाडी खाली बसणार नाही का? मलाही तेच वाटलं होतं. पण ते आकडे एकदा सोडवून बघा. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के इतकी टायरची उंची. १५ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात (एकाच ओळीत दोन मापपद्धती कुणी घातल्या देव जाणे). उंची वर-खाली दोनदा मोजायची, रिम मिळवायची, की पूर्ण चाक ५८४.५ मिमी. आता १६५/७० आर १४ घ्या: ५८६.६ मिमी. फरक दोन मिलिमीटरचा. रिम लहान झाली तेवढा टायर उंच झाला. स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. उंच टायर खड्ड्यात रिमला सांभाळतो, अरुंद टायर पातळ बर्फ कापून खाली रस्त्याला टेकतो.

पण कागदावर जमलं म्हणून कुठलंही चाक लावता येत नाही. गाडीच्या कागदपत्रांत कंपनीने मंजूर केलेल्या मापांची यादी असते, माप त्यातलंच हवं. रिमला चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर. तशी भोकं दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांनाही असतात, पण मधलं मोठं भोक वेगळ्या मापाचं निघतं आणि चाक मध्यावर बसत नाही. रिम आत किती जाते, ब्रेकला घासते का, टायर किती वजन पेलतो, हे सगळं आलं. मी रीतसर तक्ता केला. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गृहस्थाकडे अगदी हव्या त्या मापाचा, माझ्याच मॉडेलवरचा संच मिळाला. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह होतं. तारीख ४०१९, म्हणजे २०१९चा चाळिसावा आठवडा. नक्षीत दोन युरोचं नाणं घातलं तर त्याची ४ मिमीची चंदेरी कड पूर्ण बुडत होती. तक्त्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा.

गॅरेजवाल्यांकडे तारीख मिळेना. मी म्हटलं, आपणच लावू. टायरवाल्याच्या मुलीने चाक बदलायला पैसे द्यायचे? आप्पांना मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी "गॅरेजला दे" म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

शेजाऱ्याचा टॉर्क पाना आणला. जमिनीवरच बोल्ट सैल केले, जॅक लावला, जुनं चाक काढलं, गंज ब्रशने घासला, नवं चाक चढवलं, बोल्ट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे आवळले. पुस्तकात दिलेला आकडा पान्यावर लावला होता. प्रत्येक बोल्टाला पाना 'कट्' वाजला. सोळा वेळा 'कट्'. मी अंगणात उभी राहून स्वतःचा फोटो काढला, हाताला काळं लागलेलं दिसेल असा.

आई तेव्हा माझ्याकडे आलेली. दिवाळी करून तीन महिन्यांसाठी. आप्पा आले नाहीत, दुकान कोण बघणार. आईने बर्फ कधी बघितला नव्हता, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तिला आल्बच्या पठारावर न्यायचं ठरलं. रॉयटलिंगेन खाली आहे, म्युन्सिंगन वर. मधे बाड उराख लागतं आणि मग झाडीतून चढ. चाकं लावून आठवडा झाला होता, ऑफिसच्या फेऱ्यांत साठेक किलोमीटर झाले असतील. आई पुढे बसली होती, मांडीवर चहाचा थर्मास.

उराख गेल्यावर ती म्हणाली, "चाक बोलतंय."

मी म्हटलं हिवाळी टायर आहेत, त्यांचा आवाज असतोच. टायरची घरघर खरंच जास्त असते, तक्ता करताना वाचलं होतं.

"घरघर नाही. टक टक करतंय. तुझ्या बाजूचं, पुढचं."

मी रेडिओ बंद केला. काही ऐकू येईना. मग एका वळणावर मलाही आलं. स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर होती. ती किती वेळ होती कुणास ठाऊक. पुढे चढ होता आणि त्यानंतर परतीचा तोच उतार.

ट्रेकवाल्यांसाठी असलेल्या एका पार्किंगमध्ये गाडी घेतली. पाना लावला. पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट 'कट्' न होता फिरले. चक्क फिरले, पाव वेढा. मी खाली बसूनच राहिले.

आई उतरली, शाल घट्ट केली. "एक काढ बघू." मी काढून दिला. तिने तो बोटांत धरून उलटसुलट केला, मग वाकून रिमच्या भोकात बोट फिरवलं.

"याचं बूड निमुळतं आहे आणि तुझं भोक वाटीसारखं आहे. हे कसं बसायचं?"

माझ्या तक्त्यात रुंदी होती, व्यास होता, वजन होतं, वर्ष होतं. बोल्टाचं बूड नव्हतं. आधीच्या मालकाने उन्हाळ्यासाठी बाजारातल्या अलॉय रिमा बसवल्या होत्या, त्यांचे बोल्ट शंकूसारखे. कंपनीच्या मूळ लोखंडी रिमला गोल बूड लागतं. आटे तेच, जाडी तीच, म्हणून बोल्ट मुकाट्याने आत जातो. शंकू वाटीच्या नुसत्या एका बारीक कडेला टेकतो, तेवढ्यावर पाना वाजतो. गाडी चालली की ती कड दबते आणि बोल्ट ढिला पडतो. पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून बघायचे असतात, हे मी वाचलं होतं. तेही केलं नव्हतं.

"तुला कसं कळतं गं हे?"

"तीस वर्षं गल्ल्यावर बसले ना," आई म्हणाली. "नट-बोल्टांचे डबे कोण लावत होतं? ह्यांना सापडतंय होय काही."

मला आठवलं. पत्र्याचे डबे, आतून तेलकट, वर खडूने लिहिलेलं. मी त्यांच्यासमोर बसून बीजगणित सोडवायचे. डबे आपोआप लागतात असं काहीतरी मला वाटत असावं.

आणि डिकी. चटईखाली, स्टेपनीशेजारी, गाडी घेतल्यापासून एक जड कापडी पिशवी होती. मी ती भंगार समजून तशीच ठेवली होती. आत सोळा बोल्ट, गोल बुडाचे. आधीच्या मालकाने जपून ठेवलेले.

सुदैवाने पाना अजून शेजाऱ्याला परत केला नव्हता. एकेक चाक उचललं, जुने चार काढले, रिम पुसली, नवे चार हाताने बसवले, खाली टेकवून आवळले. आई शालीच्या ओच्यात बोल्ट धरून उभी, निमुळते एका बाजूला, गोल दुसऱ्या. बोटं बधिर झाली. तासभर लागला. मधे एक जर्मन जोडपं कुत्रा घेऊन आलं, मदत हवी का विचारलं. आईने हसून मान हलवली आणि त्यांना चहा दिला.

वर गेलो नाही. मी म्हटलं हळूहळू घरी जाऊ. सोमवारी गॅरेजला दाखवलं. मेकॅनिकने चाकं काढून प्रत्येक भोकात दिवा धरला. डाव्या रिमला आत चकचकीत कडं उमटलं होतं, पण भोक लांबट झालेलं नव्हतं. तो म्हणाला, आणखी थोडी चालवली असती तर रिम टाकूनच द्यावी लागली असती. चाक निखळलं असतं, हे तो बोलला नाही. मी विचारलंही नाही.

त्या रात्री आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. बर्फ बघितला का, म्हणून. आई म्हणाली, "नाही, गाडीचं थोडं काम निघालं. पोरीनं केलं." मी बाजूला बसून भाजी निवडत होते. आप्पा म्हणाले, "कुणी शिकवलं हिला?" आई म्हणाली, "आहे एकजण," आणि फोन माझ्याकडे दिला.

बर्फ तिने पुढच्या आठवड्यात बघितला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये थांबून मी आधी सोळाही बोल्टांना पाना लावला. एकही हलला नाही. आई गाडीत बसून मोजत होती.

ती गेल्यावर ईस्टरला उन्हाळी चाकं काढायला तळघरात गेले. निमुळते बोल्ट एका लोणच्याच्या बरणीत होते, झाकणावर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात: "उन्हाळी. टोक बघून लावणे." शेजारी दुसरी बरणी रिकामी होती. तिच्यावरही पट्टी होती.