ताई, ट्रेड अडकलाय

ऑनलाइन खेळातली ट्रेडची खिडकी कधी नीट बघितली आहे? दोन रकाने असतात. एकात माझ्या वस्तू, दुसऱ्यात समोरच्याच्या. खाली ‘तयार’ची खूण. समोरच्याने शेवटच्या क्षणी एखादी वस्तू काढली किंवा बदलली, तर माझी खूण आपोआप पुसली जाते. पुन्हा बघा, पुन्हा खूण करा. मग आणखी एक बटण. त्यानंतर फोनवरचं ॲप परत विचारतं, हेच द्यायचंय ना? ह्यालाच? नव्या मुलांना ही सगळी कटकट वाटते. मला ती खिडकी आमच्या जुन्या घराच्या दारासारखी दिसते. मधे कडी, वर अडसर, खाली खिट्टी. ह्यातली एकही गोष्ट दार बांधलं तेव्हा नव्हती, प्रत्येक कधीतरी चोरी झाल्यावर बसवलेली.

मी काउंटर-स्ट्राइक खेळते. हल्ली खेळते कमी आणि निस्तरते जास्त. सांगलीतल्या एका सायबर कॅफेपासून सुरू झालेला आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप आहे. त्यात माझा मामेभाऊ, त्याचे मित्र, त्या मित्रांचे मित्र. कुणाचंही काही अडलं की रात्री साडेअकराला मला व्हॉइस नोट येते : ‘‘ताई, ट्रेड अडकलाय.’’

ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या बंदुकांना रंग आले, त्यांना स्किन म्हणतात. स्किनने नेम सुधारत नाही, गोळी जोरात लागत नाही. बंदूक फक्त वेगळी दिसते. निळी, जांभळी, गुलाबी, लाल अशी दुर्मिळतेची उतरंड आहे आणि सगळ्यांच्या वर चाकू आणि हातमोजे. एकेका चाकूची किंमत चांगल्या लॅपटॉपएवढी असते. माझ्या आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे बंदुकीला रंग दिलाय, आणि बंदूकही नाही.’’ ह्यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तर, अडकलेल्या ट्रेडमधले निम्मे खरं म्हणजे अडकलेलेच नसतात. स्टीमवर फोनचं ऑथेंटिकेटर लावून सात दिवस झाले नसतील, तर दिलेली वस्तू पंधरा दिवसांपर्यंत अधांतरी राहते. ह्याला औषध नाही, थांबायचं. पण पंधरा दिवस म्हटलं की पोरांचा धीर सुटतो, आणि नेमका तेव्हाच डिस्कॉर्डवर कुणीतरी ‘स्टीमचा कर्मचारी’ भेटतो. तपासणीसाठी वस्तू माझ्याकडे पाठव, तासाभरात सोडवून देतो म्हणतो. स्टीमचा कर्मचारी तुमच्याशी डिस्कॉर्डवर कधीही बोलणार नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की ‘स्टी’ लिहिलं की कीबोर्ड पुढचं सुचवतो.

दुसरा प्रकार जास्त वाईट. कुठल्यातरी टुर्नामेंटच्या नकली पानावर लॉगिन केलं की चोर तुमच्या खात्यावर एक एपीआय की काढून ठेवतो. ती म्हणजे खात्याची डुप्लिकेट किल्ली. आठवडाभर काहीच होत नाही. मग तुम्ही मित्राला खरी ऑफर पाठवता. ती पाठीमागे गुपचूप रद्द होते आणि त्याच वस्तूंची, त्याच नावाची, त्याच फोटोची दुसरी ऑफर तयार होते. फोनवर तुम्ही मंजूर करता ती ही दुसरी. म्हणून माझा पहिला प्रश्न कधीच ‘काय गेलं?’ हा नसतो. आधी एपीआय की रद्द कर, पासवर्ड बदल, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट कर. रडायचं ते त्यानंतर.

गेलेली वस्तू कंपनीने सरळ परत का करू नये, असं प्रत्येक जण विचारतो. पूर्वी करत असत. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनेच लिहिलं होतं की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात होती. तोपर्यंत लुटलेल्याला त्याच्या वस्तूची नवी प्रत मिळायची. पण चोराने मूळ वस्तू तोवर विकलेली असायची, अनेकदा अशा माणसाला, ज्याला चोरीचा पत्ताही नाही. त्याच्याकडून ती काढून घेणं अन्याय. मग जगात एकाच्या दोन व्हायच्या आणि दुर्मिळ वस्तू थोडी कमी दुर्मिळ व्हायची. म्हणजे भरपाई ज्यांच्याकडे ती वस्तू होती त्या सगळ्यांच्या खिशातून व्हायची, फक्त कुणाला कळायचं नाही. त्यामुळे दुरुस्तीचा मोर्चा वळला तो वेळेकडे. थांबवा, होल्ड करा, चोराला माल पळवायला अवधीच देऊ नका.

ह्याहून टोकाची दुरुस्ती मी शाळेत असताना बघितली आहे. ब्राउझरमध्ये चालायचा तो रूनस्केप. खेळातलं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना आवरायला जानेवारी २००८ मध्ये त्यांनी ट्रेडवरच मर्यादा घातली. दोन्ही बाजूंच्या किमतीत ठरावीक नाण्यांपेक्षा जास्त फरक असला तर सौदा होणारच नाही. म्हणजे मैत्रिणीला नुसतं म्हणून काही द्यायचीही सोय संपली. मी आणि माझी वर्गमैत्रीण शेजारशेजारच्या मशीनवर बसून एकमेकींना साधी ढाल देऊ शकत नव्हतो. फेब्रुवारी २०११ मध्ये मोकळा व्यापार परत आला, पण तोवर आमची दहावी आली होती. फसवणूक बंद करण्याचा हा एक मार्ग आहेच : देणंघेणंच बंद करा. मला तो तेव्हाही पटला नव्हता.

आता जुलै २०२५. काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंना ‘ट्रेड प्रोटेक्शन’ आलं. ट्रेडमध्ये मिळालेली वस्तू सात दिवस तुमच्याकडे असते, खेळात वापरता येते, पण पुढे देता येत नाही की तिच्यात काही बदल करता येत नाही. तेवढ्या मुदतीत देणारा ‘उलट करा’ म्हणू शकतो. दोन अटी आहेत. एकच ट्रेड निवडून उलटवता येत नाही, त्या सात दिवसांतले असे सगळे ट्रेड एकदम उलटतात. आणि उलटवणाऱ्याचं खातं तीस दिवस ट्रेड आणि मार्केटसाठी बंद राहतं. अटी योग्यच आहेत. निवडायची मुभा दिली असती तर लोकांनी नावडते सौदे तेवढे मोडले असते.

खिडकीला फक्त वस्तू दिसतात, ही अडचण मात्र राहतेच. बाहेर यूपीआयने गेलेले पैसे तिला दिसत नाहीत. तिच्या लेखी ती भेट असते, आणि तसं ती स्पष्ट सांगतेही : तुम्ही ह्याच्या बदल्यात काहीच मागत नाही आहात.

माझा मामेभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ४ ऑक्टोबरला त्याने चार लाल स्किन्स बार्शीच्या एका मुलाला ४,८०० रुपयांना विकल्या. पैसे आले, त्याच संध्याकाळी मेसवाल्याकडे गेले. ८ तारखेला रात्री त्याचं खातं लुटलं गेलं आणि त्याचा एकुलता एक चाकू गेला. बावीसेक हजारांचा. लॉकडाउनमध्ये एका केसमधून निघालेला, म्हणून तो त्याला विकायचाही नव्हता.

किल्ली रद्द, पासवर्ड, लॉगआउट, सगळं झालं. पहाटे एक वाजता ‘उलट करा’ ह्या बटणावर त्याचं बोट होतं. मी म्हटलं, ‘‘थांब. आधी बार्शीला फोन कर.’’

‘‘अगं, तो झोपला असेल.’’

‘‘उठव.’’

कारण बटण दाबलं की चाकूबरोबर त्या चार स्किन्सही परत येणार होत्या. तो मुलगा सकाळी उठून बघणार : पैसे गेले, माल गेला, आणि उलटवणारं नाव ह्याचं. फोन मीच केला. पोरगा आयटीआयला आहे, उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये काम करून पैसे साठवलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही म्हणताय ते खरं असंल. पण माझ्याकडं काय राहतंय?’’

प्रश्न रास्त होता. मग तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि लिहिलं : चार स्किन्सचे ४,८०० रुपये मिळाले आहेत; चोरीमुळे ट्रेड उलटवावा लागतो आहे; खातं ८ नोव्हेंबरला उघडल्यावर त्याच चार स्किन्स परत दिल्या जातील. बार्शीकराने एक ओळ जोडायला लावली : ‘नाहीतर पैसे परत.’ शिवाय म्हणाला, तुमचा फोन नंबर राहू दे ताई, हा उचलला नाही तर तुम्ही उचलाल. जामीन म्हणतात तो हाच. ९ तारखेला सकाळी ट्रेड उलटले. चाकू आला, स्किन्सही आल्या.

मग २३ ऑक्टोबर उजाडला. भाऊबीज होती आणि हा सकाळीच घरी येऊन सोफ्यावर फोन धरून बसला होता. रात्रीत खेळाचा अपडेट आला होता : पाच लाल स्किन्स एकत्र दिल्या की चाकू किंवा हातमोजे मिळणार. इतकी वर्षं चाकू फक्त केसमधून, नशिबाने निघायचा. आता तो तयार करता यायला लागला. चाकूंचे भाव गडगडले, आजवर पडून असलेल्या लाल स्किन्सचे वधारले. सगळ्या बाजारातून अब्जावधी डॉलर गेल्याचे अंदाज पुढचे काही दिवस छापून येत होते. आमच्या सोफ्यावरचा हिशेब सोपा होता. वाचवलेला चाकू जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि कबूल केलेल्या चार स्किन्स चौपट झाल्या होत्या.

ओवाळून झालं, फराळाची ताटली समोर आली, आणि तो म्हणाला, ‘‘ताई, आपण त्याचे पैसेच परत करू ना. लिहिलंयच तसं.’’

लिहिलं होतं खरं. पण ते ज्याचे पैसे अडकलेत त्याच्यासाठी होतं, ज्याच्याकडे मालही आहे आणि पैसेही, त्याच्यासाठी नाही. हे मी सांगितलं. त्याचं म्हणणं, ट्रेड उलटला म्हणजे सौदा मोडला. खुद्द खेळच तसं म्हणतो. आता नवा भाव, नवा सौदा. आणि ‘‘तू त्याची बहीण आहेस की माझी?’’

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचे. भाव उघड बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरायचा. ठरला की इसार द्यायचे आणि बैल आणायचे. आठ दिवस जुंपून बघायचं, खोड निघाली तर परत. त्या आठ दिवसांत बाजार चढला म्हणून विकणारा कधी दारात आला नाही, असं ते सांगायचे. आजोबा गोष्टी रंगवायचे, त्यामुळे कुणी आलाच नसेल असं मी म्हणणार नाही. पण ही मुदत कुणासाठी आहे ह्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. सात दिवसांचं ते बटण चोरीसाठी आहे. ते दाबल्याने चोराचा ट्रेड मोडतो. बार्शीच्या मुलाने काय चोरलं होतं?

भाऊ चकली खात गप्प बसला. त्याच्या बाजूलाही तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. चाकू निम्म्यावर आलेला, खातं बंद, दोन्हीतलं काही विकता येत नाही, आणि पुढच्या महिन्याची मेस समोर. बारा-पंधरा हजारांची रक्कम त्याला सहज सोडता येण्यासारखी नव्हती. बार्शीकडूनही त्या दिवशी काही मेसेज नव्हता, आणि ते मला जास्त लागत होतं. भाव त्यालाही दिसत असणार. तो नुसता वाट बघत होता, आम्ही काय करतो ह्याची.

संध्याकाळी मीच ग्रुपमध्ये लिहिलं, ‘८ नोव्हेंबर कायम आहे.’ भावाने ते वाचलं, निळ्या खुणा आल्या. त्याने काही लिहिलं नाही, पण ग्रुपही सोडला नाही. पुढचे दहा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला.

८ तारखेला दुपारी त्याने चारही स्किन्स पाठवल्या. मला सांगितलं नाही. बार्शीचाच मेसेज आला, ‘आल्या.’ पण नव्या ट्रेडबरोबर नवे सात दिवस सुरू झाले होते आणि उलटवायचं बटण पुन्हा माझ्या भावाच्याच हातात होतं. हे तिघांनाही माहीत होतं. मग रोज सकाळी सातच्या सुमाराला, गॅरेजला जाण्यापूर्वी, मला एक ओळ यायची : ‘ताई, अजून आहेत.’ मी अंगठा दाखवायची.

आठव्या दिवशी मेसेज आला नाही. दुपारी न राहवून त्याची इन्व्हेंटरी उघडली, तर चारही लाल स्किन्स गायब. पोटात गोळा आला. खाली सरकवलं. त्याने कुठूनतरी पाचवी मिळवली होती. त्यांच्या जागी एक चाकू होता, गंजक्या रंगाचा, कुणी फुकट दिला तरी विचार करावा असा. त्याने त्याला नाव दिलं होतं : ‘बार्शी’.