गच्ची पांढरी करायची म्हणजे नेमकं काय?

सोसायटीच्या कमिटीवर नवा माणूस आला की पहिलं नको असलेलं काम त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात शेवटच्या मजल्याचा अर्ज पडला: ‘मार्चपासून स्लॅब तापतो, रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो, तरी गच्चीला कूल रूफचा रंग लावून मिळावा.’ परळची आमची इमारत जुनी आहे. मी आयुष्य बँकेत काढलेलं, त्यामुळे रंगातलं मला कळतं ते एवढंच, की तो कोरड्या भिंतीला लावतात.

भाची माटुंग्याला सिव्हिलमध्ये एम.टेक. करते. तिने पाठवलेले शोधनिबंध उघडले आणि पहिल्याच पानावर घाम फुटला. रिफ्लेक्टन्स, एमिटन्स आणि दोन्ही मिळून काढलेला ‘एसआरआय’. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला 0, ठरावीक पांढऱ्याला 100. इथवर ठीक. पण पुढे एका रंगाला शंभराहून जास्त! मी फोन लावला. “मामा, शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे. त्या ठरावीक पांढऱ्यापेक्षा हा सरस, एवढंच.”

रविवारी ती तापमान मोजायची बंदूक घेऊन गच्चीवर आली. भर दुपारी डांबरी शीटवर नेम धरला तर आकडा अपेक्षेप्रमाणे चढला. मग लिफ्टच्या खोलीवरच्या नव्या चकचकीत पत्र्यावर. तिथे आकडा सावलीतल्या भिंतीपेक्षाही खाली! मी खूश होऊन पत्र्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला. भाची हसत बसली. तिने पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, थोडं थांबून टेपवर नेम धरला, तेव्हा खरा आकडा आला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांवाटे फारशी बाहेर टाकतच नाही. बंदुकीला दिसतं ते त्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब. म्हणूनच तो ऊन परतवतो तरी तापतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उरलेली उष्णताही सोडतो. ‘एमिटन्स’ हे प्रकरण माझ्या डोक्यात शिरलं ते त्या चटक्यामुळे.

रात्री अकराचं कोडंही तिथेच सुटलं. जाड स्लॅब दुपारी ऊन पीत राहतो आणि ते खालच्या खोलीत पोचायला काही तास लागतात. पत्र्याच्या घरात हा उशीर नसतो. बारा वाजताचं ऊन बारालाच डोक्यावर.

पण आमची गच्ची काळी का, हा प्रश्न मला उन्हापेक्षा महत्त्वाचा वाटू लागला. उत्तर सोपं आहे: गळती. मुंबईत छपराचा शत्रू पाऊस, ऊन नव्हे. आधी ब्रिकबॅट कोबा, तो गळू लागला की वर डांबर. आसपासच्या काही जुन्या इमारतींवर चायना मोझॅक आहे, पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवलेलं. ते थंड राहतं हे आपल्या मिस्त्रींना ‘एसआरआय’ न मोजताही ठाऊक होतं. इथल्या गिरण्यांची करवती छपरंही तशीच, काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड मिळावा पण ऊन थेट आत येऊ नये. मिस्त्री म्हणाला, “पांढरं करू साहेब, पण दोन पावसाळ्यांत शेवाळ धरणारच.” मला वाटलं भाची त्याला खोडून काढील. ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.” अमेरिकेत अशा मालाचे नमुने तीन वर्षं उघड्यावर ठेवून पुन्हा मोजतात: ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात, फ्लोरिडाच्या दमट हवेत आणि ओहायोत. आपल्याला त्यातल्या त्यात फ्लोरिडा जवळचं. डब्यावर छापलेला नव्या रंगाचा आकडा बघायचा नाही, जुन्याचा विचारायचा.

मधेच मी एका बातमीने भारावलो होतो. 2014 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भर उन्हात हवेपेक्षा 4.9 अंशांनी थंड राहणारा पृष्ठभाग केला. उष्णता 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यातून थेट अंतराळात जाते. त्या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. तेच का लावू नये? कारण हवेतली वाफ ती खिडकी लोटून घेते, आणि आपल्या मे महिन्यात वाफेला तोटा नाही. कोरड्या कॅलिफोर्नियाचा आकडा परळला तसाच लागू होत नाही.

आमच्या गच्चीवरून एका बाजूला लालबागचे टॉवर दिसतात, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्या. टॉवरची गच्ची पांढरी केली तर एकाच मजल्याला गारवा. पत्र्याखालचं अख्खं घरच वरचा मजला. अहमदाबादने 2017 मध्ये वस्त्यांतली छपरं रंगवायला घेतली, तेलंगणाने 2023 मध्ये राज्याचं धोरणच केलं. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. माझ्या मते पहिला डबा त्या पत्र्यांवर उघडायला हवा, आमच्यासारख्यांच्या गच्च्या नंतर.

पण अर्ज आमच्या सोसायटीचा होता. सभेत तळमजल्याने विचारलं, गारवा त्यांना आणि वर्गणी आम्ही का भरायची? डांबर उखडून वॉटरप्रूफिंग तसंही करायचंच आहे, पांढरा हात फक्त सर्वांत वर, हे सांगितल्यावर आवाज खाली आला. काम दिवाळीनंतर, गच्ची नीट सुकल्यावर. दरवर्षी होळीच्या आधी ती घासून धुवायची, हेही ठरावात घातलं. त्यानंतर तासभर वाद झाला तो धुवायचं पाणी कुठल्या टाकीतून घ्यायचं यावर.