मेमो लिहिण्याआधी

चि. बंड्यास,


फील्ड ऑफिसरला मेमो द्यावा का, असं तू काल फोनवर विचारलंस. घरात पाहुणे होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. हाच ना तो, ज्याचं तू शाखेचा चार्ज घेतल्यावर येताजाता कौतुक करायचास? पीक कर्जाच्या फायली रात्री थांबून निकाली काढणारा, थकबाकीदाराच्या बांधावर जाऊन वसुली आणणारा? तोच आता उशिरा येतो, फायलीत चुका करतो आणि काही सांगितलं की "चालू द्या साहेब" म्हणतो. अरे, आळशी माणूस असा मध्येच आळशी होत नाही. तो पहिल्या दिवसापासून तसा असतो. मला हा बर्नआऊट वाटतो.

बर्नआऊटवर १९७४ साली पहिल्यांदा अभ्यासपूर्वक लिहिलं ते हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने. मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि जे कामात स्वतःला सर्वाधिक झोकून देतात त्यांनाच याचा धोका जास्त, असं त्याला दिसलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआऊटच्या तीन खुणा मांडल्या: अंगातलं त्राण जाणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जवळपास याच खुणा धरल्या, पण त्याला आजार म्हटलं नाही. कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. त्यामुळे आधी कामाकडे बघावं लागतं. साहेबलोकांना नेमकं हेच आवडत नाही, त्यापेक्षा योगासनांचं शिबिर स्वस्त पडतं.

थकवा कुणालाही दिसतो. तू कोरडेपणावर लक्ष ठेव. पेन्शनर आजोबांना स्लिप भरून देणारी काउंटरवरची बाई मान वर न करता "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणायला लागते. सगळ्यांबरोबर डबा खाणारा जागेवरच चार घास उरकतो. जिची कॅश कधी चुकत नव्हती, तिची संध्याकाळी जुळत नाही. सोमवारी अचानक सिक लीव्ह येऊ लागते. यातली एखादी गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडते, त्यावरून निष्कर्ष काढू नकोस. आणि त्या माणसाची तुलना शेजारच्याशी नको, त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी कर.

आता कामाचं वाटप बघ. मुद्रा कर्ज फील्ड ऑफिसरकडे, पीक कर्ज त्याच्याकडे, वसुली त्याच्याकडे, विम्याचं टार्गेटही त्याच्याकडे, आणि संध्याकाळच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये बोलणी खायलाही तोच. का? तर तो करतो म्हणून. जो नीट करत नाही त्याला आपण काम देणंच सोडतो, म्हणजे कामचुकारपणाला बक्षीस मिळतं. मास्लाक आणि त्यांचे सहसंशोधक लायटर यांनी कामाच्या भाराबरोबर आणखी पाच गोष्टी सांगितल्यात: कामावरचा ताबा, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं. वाटपातला हा अन्याय माणसाला तासांपेक्षा जास्त खातो.

मूल्यांचं तर विचारूच नकोस. पीक कर्जाला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात नको असलेली विमा पॉलिसी मारायची, आणि पुढच्या हंगामात त्याच्याच घरी वसुलीला जायचं. ज्याला याचं काहीच वाटत नाही तो टिकतो. तुझा फील्ड ऑफिसर शेतकऱ्याच्या घरातला आहे असं तूच म्हणाला होतास.

तुझ्या हातात फार नाही, हे मी जाणते. माणसं वाढवून मिळणार नाहीत, टार्गेट वरून येतं. पण वरून आलेली शिवी जशीच्या तशी खाली पोचवायची की नाही, हे तूच ठरवतोस. रात्री ग्रुपवर आकडे मागायचे की नाही, हेही. केबिनमध्ये बोलावून "काय झालंय तुला?" विचारलंस तर तो "काही नाही साहेब" म्हणेल. त्याऐवजी "यातलं कोणतं काम काढून घेऊ?" असं विचार, आणि जे सांगेल ते खरंच काढून घे.

आणखी एक हत्यार आहे. संवेदनशील जागांवरच्या माणसाला दरवर्षी आगाऊ न कळवता सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या काळात ऑफिसच्या ईमेलखेरीज बँकेच्या कुठल्याही यंत्रणेला त्याने हात लावायचा नाही. नियम केला अफरातफर उघडी पडावी म्हणून, पण विश्रांतीसाठी याहून चांगला कागद कुणी काढला नसेल. शाखाधिकारीच तो फुकट घालवतात, "फक्त एकच मिनिट" म्हणत रोज फोन करून. त्याची जागा तुमच्या यादीत आहे का, ते आजच बघ. नसेल तर त्याची प्रिव्हिलेज लीव्ह मंजूर कर.

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं तो बोलला, तर ते तुझं काम नव्हे. डॉक्टरकडे ने. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, तो शाखेत लावून ठेव.

रजेत त्याच्या फायली कोण बघणार, हे त्याला पाठवण्याआधी ठरव. ज्याला तू काम देणं सोडलंयस, त्यालाच दे. तो कुरकुरेल, चुकाही करेल. पहिला आठवडा तू शेजारी बस. मेमोचं पुढच्या महिन्यात बोलू.

तुझी,
आत्या