अक्कलदाढेचा हिशेब

पंचेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ काढली. बँकेत कुणालाच फरक जाणवला नाही! तिसऱ्या दिवशी मात्र गाल शहाळ्याएवढा. घाबरून डॉक्टरांकडे धावलो.

"सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असते. आयब्युप्रोफेन वेळेवर घेताय ना?"

मी गप्प. दुखेल तेव्हाच गोळी, ही आमची काटकसर. दहातल्या सात शिल्लक.

"अहो, ही मुदत ठेव नव्हे! पहिले दोन-तीन दिवस जेवणानंतर घड्याळ लावून घ्यायच्या. आणि स्ट्रॉ बंद. ओढलंत की जखमेवरची रक्ताची गुठळी निसटते."

संध्याकाळी जुहू चौपाटीवर ही पाणीपुरी खात होती, मी पेल्यातून शहाळं पीत होतो.

"फार दुखतंय का हो?"

मी केविलवाणी मान हलवली.

"मग बोलू नका," म्हणत तिनं दुसरी प्लेट मागवली.