आंबेनळीतील करवंदीच्या जाळ्या

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या वाटेला लागले की कापडे गाव मागे पडते आणि रस्ता वळणे घेत आंबेनळी घाट चढू लागतो. प्रतापगडाकडे निघालेले प्रवासी दरीकडे पाहतात, सावित्रीच्या खोऱ्याची छायाचित्रे घेतात. डोंगराच्या अंगाला असलेल्या करवंदीच्या जाळ्यांकडे लक्ष जाते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेही फळांपुरतेच. वास्तविक या उतारावर उद्याचे झाड कोठे उभे राहणार, हे पुष्कळदा याच जाळ्या ठरवितात.

जुन्या जाळीत वाकून पाहिल्यास काट्यांच्या मधोमध ऐनाचे, किंजळाचे किंवा जांभळाचे हातभर रोप आढळते. ते कोणी लावलेले नसते. ऐन आणि किंजळ यांची पंखधारी फळे वाऱ्याबरोबर येऊन फांद्यांत अडकतात. जांभळाचे बी उदमांजर किंवा वटवाघूळ टाकून जाते. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही, लगेच ओल मिळाली तरच रुजते. जाळीखालच्या कुजलेल्या पाल्यात ती ओल असते.

खरी परीक्षा पावसाळ्यानंतरची. घाटात पाणी धो धो कोसळते; परंतु ऑक्टोबरनंतर जून उजाडेपर्यंत उतार कोरडा पडतो आणि उघडा कातळ तापतो. एवढ्याशा मुळाला ही तहान सोसत नाही. करवंदीची सावली माती थंड ठेवते, काटे गुरांना आणि शेळ्यांना दूर ठेवतात. झुडूपही पाणी पिते, हे नाकारता येत नाही. पण जेथे ऊन आणि चराई कठोर, तेथे त्याच्या देण्याचे पारडे जड ठरते. स्पेनच्या दक्षिणेकडील सिएरा नेवाडा पर्वतात १८ हजारांहून अधिक रोपे लावून याची तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की झुडपांच्या आश्रयाची रोपे उघड्यावरच्या रोपांपेक्षा अधिक जगली, आणि कोरड्या, उन्हाळ जागी हा लाभ जास्त होता. मात्र सर्वच झुडपे सारखी उपकारक ठरली नाहीत.

ही अट आंबेनळीलाही लागू आहे. करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग ही येथली झुडपे. घाणेरी आणि रानमोडी या अमेरिका खंडातून आलेल्या. या दोघी माजल्या की खाली दुसरे काही उगवू देत नाहीत. कारवीचे गणित आणखी निराळे. ती दाट असेतो खाली उजेड कमी पोहोचतो. साधारण सात वर्षांनी फुलून ती एकदम वाळते, तेव्हा खालच्या रोपांना ऊन मिळते.

वृक्षलागवडीचा रिवाज मात्र याच्या नेमका उलट आहे. आधी उतार ‘साफ’ करायचा, मग खड्डे घ्यायचे, रोपे लावायची. २०१९ साली राज्याने ३३ कोटी वृक्षांचे उद्दिष्ट ठेवले होते. कर्ज किती वाटले आणि वसूल किती झाले हे जसे दोन वेगळे आकडे, तसेच लावलेले झाड आणि जगलेले झाड हेही दोन आकडे. फलकावर पहिलाच लिहिला जातो. भाताच्या राबासाठी झुडपे तोडणे ही डोंगराळ गावांची जुनी गरज आहे, तिला नावे ठेवणे सोपे आहे. वणव्याला तसे समर्थन नाही.

२२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाडजवळच्या तळियेत ८० हून अधिक माणसे दरडीखाली गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या, आंबेनळी घाट बंद झाला. इतक्या खोलवरून सुटणारा डोंगर झुडपांनी थोपविला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दरड गेल्यावर उरलेल्या उघड्या लाल मातीवर नांगर टाकावा तशी मुळे प्रथम रोवतात ती गवते आणि झुडपेच.

लागवड करायचीच असेल, तर खड्डा जाळीच्या सावलीच्या बाजूला, खोडापासून थोडे अंतर सोडून घ्यावा आणि कोयता फक्त घाणेरीवर चालवावा. जाळी तोडून कुंपणासाठी तिचेच काटे पसरण्याचा उद्योगही मग वाचतो. ऐन जाळीच्या वर डोके काढतो त्याला काही वर्षे लागतात. तोवर दर उन्हाळ्यात पोरे त्याच्याभोवतीची करवंदे वेचून नेत असतात.