पाण्यातली मुळे

आमची लेक जुलैत शिकायला बंगळूरला गेली, तेव्हा खिडकीतली मनीप्लँटची बाटली माझ्या स्वाधीन करून गेली. "बाबा, हिला सांभाळा," एवढेच म्हणाली. मी कसूर केली नाही. सकाळ-संध्याकाळ लेकीला फोन आणि बाटलीत काठोकाठ पाणी, हा माझा नित्यनेम. लेक दोन वाक्यांत आटपायची. महिन्याभरात वेलाची पाने पिवळी पडली. बाटलीला शेवाळ, पाण्याला वास आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत!

आमच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे सहकारी हसले. "अहो, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. साचल्या पाण्यात प्राणवायू कितीसा असणार? मायेने बुडवलीत तिला!"

त्यांच्या सांगण्यावरून सडकी मुळे छाटली, बाटली घासली आणि शेवाळ धरू नये म्हणून तिला जाड कागद गुंडाळला. आता मी पाण्यात भर घालीत नाही. आठवड्याने सगळेच बदलतो आणि मुळांचा वरचा भाग हवेत मोकळा ठेवतो. १८६० साली जर्मनीत झाक्स या शास्त्रज्ञाने मातीवाचून रोपे वाढवली, तीही क्षार घातलेल्या पाण्यावर. नुसत्या पाण्याने पोट भरत नाही. म्हणून महिन्याकाठी पातळ खताचे दोन थेंब.

परवा पांढरीशुभ्र मुळे फुटलेली दिसली. लेकीला कळवायला फोन उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

रविवारी तिचाच आला. पाऊण तास बोलत होती!